अण्णांचा कर्णा

कळंब म्हटलं की बाहेरचा माणूस आधी धाराशिवकडचं कळंब धरतो, मग यवतमाळकडचं. आमचं तिसरं. पुणे-नाशिक हायवेवर मंचर सोडून घोड नदी ओलांडली, की नारायणगावच्या आधी लागतं ते. कळंब हे एका झाडाचंही नाव आहे. गावाचं नाव त्यावरून पडलं असेल तर ते झाड नाव ठेवून निघून गेलं असावं, कारण माझी पन्नाशी उलटली तरी गावात मला ते कुणी दाखवलेलं नाही. हायवे रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेचे जुने वडही गेले. झाडं गेली आणि झाडांवर बोलणारे वाढले. त्यांत अण्णा पहिले.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. असा एक अण्णा गावोगाव असतो, तुमच्या गावातला तुम्ही इथे बसवून घ्या.

आमचे अण्णा भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले आणि सगळ्या पृथ्वीची जबाबदारी अंगावर आली. खादीचा झब्बा, त्यावर जाकीट, जाकिटावर हिरव्या पानाचा बिल्ला. पान प्लास्टिकचं. हायवेत थोडी जमीन गेली, तिचे पैसे आले, त्या पैशांची पांढरीशुभ्र डिझेलची गाडी आली, आणि त्या गाडीतून अण्णा आता गाड्यांमुळे हवेचं काय होतं ते सांगायला आंबेगाव-जुन्नर पालथं घालतात. भाषण संपेपर्यंत ड्रायव्हर बाहेर गाडी चालू ठेवतो. उतरताना अण्णांना गार हवा सोडवत नाही आणि चढताना गरम हवा सोसत नाही. एकदा त्यांच्या वाढदिवसाला पोरांनी ‘वृक्ष वाचवा’ असा फ्लेक्स लावला होता. तो वडाला चार इंची खिळे ठोकून लावला होता. अण्णांनी खाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि मग खिळे बघून पोरांना झापलं. हा क्रम ध्यानात ठेवा. अण्णांचं सगळं याच क्रमाने चालतं.

आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. नदीकाठी मंडप, समोर माणसं, एका बाजूला पिंड मांडलेले, आणि माईकवर क्रमाने आजी पुढारी, माजी पुढारी, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन. श्रद्धांजली वाहता वाहता पुढच्या निवडणुकीचा अंदाज घेतला जातो. अण्णांना निवडणूक लढवायची नसते, त्यामुळे त्यांना वेळेचं बंधन नाही. ते सुरुवात मयताच्या वयापासून करतात. “कैलासवासी दादा सत्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. दादा जन्मले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे तीनशे दहाच्या आसपास भाग होते. आज दादा गेले तेव्हा ते ४२० च्या वर आहेत. कारखाने सुरू व्हायच्या आधी हजारो वर्षं हा आकडा २८० च्या आसपास होता. म्हणजे जेवढी वाढ झाली त्यातली बरीचशी एकट्या दादांच्या हयातीतली.” हे ऐकून दादांचा थोरला मुलगा असा काही अपराधी चेहरा करतो, की जणू दादांनीच बांधावर बसून तो सगळा धूर सोडला.

गेल्या वर्षीची गोष्ट. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. भटजींनी घरच्यांना विचारलं, काही इच्छा राहिली होती का? नातवाला सांभाळू म्हणून झालं, धाकट्याचं लग्न लावू म्हणून झालं, विहिरीचा वाद मिटवू म्हणून दोन्ही भावांनी पाणी सोडलं. कावळा झाडावर बसून बघतोय. रिकामा वेळ पाहून अण्णांनी माईक घेतला आणि कावळे का कमी झाले यावर बोलू लागले. घरटी, कीटकनाशकं, उन्हाळे. वीस मिनिटं झाली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, “अण्णा, मयताची येकच विच्छा राहिलीय. तुमी बसा.” अण्णा रागावून बसले आणि कावळा शिवला. मी तिथे होतो. विज्ञानाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही, असं अण्णाच नंतर म्हणाले.

अण्णा ढोंगी आहेत असं मात्र मला कधी वाटलं नाही. ढोंगी माणसाला आपलं ढोंग माहीत असतं. अण्णांना नाही.

हे सगळं सुरू झालं मळीणपासून. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच तालुक्यातल्या मळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. अण्णा तेव्हा मदतीच्या टेम्पोतून गेले होते. दोन दिवसांनी परत आले ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, आणि मग जे बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. पण एक गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांत कुठल्याही भाषणात त्यांनी मळीणचा दाखला दिलेला मी ऐकला नाही. निसर्ग चक्रीवादळात, २०२० च्या जूनमध्ये, आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासींची हिरड्याची झाडं कशी आडवी झाली ते सांगतात. सातगाव पठारावरच्या बटाट्याचं सांगतात. मळीणचं नाव घेत नाहीत. टाळ्या हमखास मिळतील अशी जागा सोडून देणारा वक्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

घरात मात्र वेगळा कारभार. वाड्याच्या जागी बंगला, बंगल्याला तीन एसी. एकदा गावच्या हॉलमध्ये अण्णांनी महिलांपुढे भाषण केलं की एसी सव्वीसवर ठेवा, नाहीतर लावूच नका, खिडक्या उघडा, आपल्या आज्या काय एसीत झोपत होत्या? काकू, म्हणजे अण्णांच्या सौ., पहिल्या रांगेत होत्या. घरी येऊन त्यांनी तिन्ही एसींची बटणं बंद केली आणि खिडक्या उघडल्या. मध्यरात्री अण्णा घामाघूम होऊन उठले. “अगं, ते लोकांसाठी होतं.” काकू म्हणाल्या, “मग मी कोण?” वांगी निषिद्ध म्हणून सांगून घरी आलेल्या पुराणिकबुवांची आणि त्यांच्या बायकोची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पुराणातली वांगी पुराणात, हे बुवांनी म्हटलं आणि म्हण होऊन बसली. त्यावर बुवांच्या बायकोने काय उत्तर दिलं ते कुणी सांगत नाही. काकूंनी दिलेलं मला माहीत आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

आता बापू. अण्णांचं चित्र बापूंशिवाय पुरं होत नाही. बापू म्हणजे गावातले ऊसवाले, भीमाशंकर कारखान्याला टनावारी ऊस घालणारे, बैलगाडा शर्यतीच्या घाटात कुणाची बारी किती सेकंदांची झाली ते वर्षानुवर्षं ध्यानात ठेवणारे. ही स्मरणशक्ती त्यांनी अलीकडे अण्णांच्या सेवेत लावली आहे. हायवेकडेच्या चहाच्या टपरीवर सकाळी सातला बापू बसतात आणि अण्णांची गाडी गेली की नोंद करतात. एक लिटर डिझेल जाळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, हे मला बापूंनी सांगितलं. “आण्णा हप्त्याला चाळीस लिटर जाळतो. म्हंजी क्विंटलभर धूर! कांदा काढला आसता तर बाजारात न्यावा लागला आसता.” एसीच्या आत कुठला वायू असतो, सिमेंटच्या बंगल्याने काय होतं, लग्नाच्या मांडवातला जनरेटर काय ओकतो, सगळं बापूंना तोंडपाठ. खरं सांगायचं तर गावात हवामानबदलाचा सर्वांत पक्का अभ्यास बापूंचा आहे. अण्णांच्या आवडीने केलेल्या अभ्यासात चुका सापडतात. बापूंच्या रागाने केलेल्या अभ्यासात नाही.

आणि त्या अभ्यासाचं सार ठरलेलं: “आधी आण्णानी गाडी इकावी, मंग मी ऊस ठिबकवर आनतो.” टपरीवरच्या प्रत्येकाचं असं एकेक आधी आणि मंग आहे. कुणाचं आधी अण्णाचे एसी, मंग माझी पाचट. कुणाचं आधी अण्णाची बोअर, मंग माझी. अण्णा हे आमच्या गावाचं खातं आहे, ज्याच्यावर प्रत्येकजण आपली उधारी मांडतो. मीही त्यात आलो. माझ्या दोन बोअर आहेत आणि तिसरीचा विचार मी अण्णांची चौथी झाल्यावर केला.

मग पाचटीचं झालं. त्या दिवशी सकाळी अण्णांनी शाळेत पोरांना उसाची पाचट का जाळू नये ते दीड तास सांगितलं. जमिनीतलं जीवाणूंचं राज्य, सेंद्रिय कर्ब, ओल धरून ठेवणं, धूर. पोरांकडून शपथ घेतली. त्याच रात्री नऊला ओढ्याच्या अंगाला लाल उजेड दिसला. अण्णांचा तोडलेला फड पेटलेला. पाचट कुट्टी करायचं मशीन मिळेना, पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी, मजूर बिबट्याच्या भीतीने अंधारात फडात उतरेनात. या सगळ्या अडचणी खऱ्या होत्या. त्या गावातल्या प्रत्येकाच्या असतात, त्यांना अण्णा सकाळी सबबी म्हणाले होते. पहाटेपर्यंत गावभर काळी राख पडली. वाळत घातलेल्या धोतरावर, दुधाच्या किटल्यांवर, शाळेच्या फळ्याखाली. अण्णा म्हणाले, गड्याने पेटवलं. गडी म्हणाला, काडीपेटी अण्णांची होती.

बापूंनी त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. वीस वर्षांत प्रथमच.

“आता बोला,” मला म्हणाले. मी अण्णांच्या बाजूने अधूनमधून बोलतो हे त्यांना माहीत होतं. मग मोबाइल काढून त्यांनी अमेरिका बाहेर काढली. अल गोर नावाचे माजी उपाध्यक्ष, तापमानवाढीवर जगभर बोलत फिरायचे. त्यांच्या भाषणांवरच्या माहितीपटाला २००७ मध्ये ऑस्कर मिळालं आणि लगेच कुणीतरी त्यांच्या घराचं विजेचं बिल बाहेर काढलं. सरासरी अमेरिकी घराच्या वीसपट वीज! “आन् त्याच साली त्याला नोबेल,” बापू म्हणाले. “बिल भरायला दिलं आसंल.”

मी म्हटलं, बापू, अमेरिका कशाला, पुण्याचं घ्या. महादेव गोविंद रानडे विधवांच्या पुनर्विवाहासाठी झटणारे. १८७३ मध्ये त्यांची पहिली बायको वारली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे. लोकांना वाटलं, आता हे विधवेशी लग्न करून दाखवतील. त्यांनी वडिलांच्या शब्दाखातर ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. विरोधकांच्या घरी त्या दिवशी असाच चहा झाला असणार. पण म्हणून विधवांचं केशवपन सुखाचं झालं का? पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, विधवा असलेल्या बाईशी, लग्न करून दाखवलं. बोलले तसे वागले. तर त्यांच्या मुरुड गावाने काय केलं? बहिष्कार घातला. म्हणजे न वागणाऱ्याला ढोंगी म्हणायचं आणि वागणाऱ्याला वाळीत टाकायचं. उद्या अण्णांनी गाडी विकून सायकल घेतली तर तुम्ही ठिबक आणाल की अण्णांचं डोकं फिरलं म्हणाल?

बापू विचार करून म्हणाले, “डोकं फिरलं म्हनू.” माणूस प्रामाणिक आहे. मग म्हणाले, “पर आण्णा काय रानडे हाय का?”

नाही, म्हटलं.

“मंग?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्हतं म्हणून मी आणखी एक दाखला दिला, हरणारा माणूस देतो तसा. ज्या १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, अमेरिकेतल्या एका सभेत एक निबंध वाचला गेला. युनिस फूट नावाच्या बाईने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले होते. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असं तिने तेव्हाच लिहिलं. पण सभेत तो निबंध तिने वाचला नाही. जोसेफ हेन्री नावाच्या शास्त्रज्ञाने वाचला.

“म्हंजी डोकं बाईचं आन् माईक बाप्याचा,” बापू म्हणाले.

तसंच.

“तिच्या घरी पाचट व्हती का?”

तिथे चर्चा संपली. चहाचे पैसे तेवढे बापूंनी खरंच दिले.

मला बापूंचंही एक मान्य करायला पाहिजे. नळकांडं कुणाच्या हातात आहे यावर ते किती तापेल हे ठरत नाही, हे खरं. पण अण्णांच्या राखेने एक नुकसान झालंच. बापूंसारख्याला ठिबक न आणण्याचं कारण शोधायला जरा तरी कष्ट पडले असते. अण्णांनी ते घरपोच दिलं.

त्यानंतर अण्णांच्या भाषणाला कुणी उघड विरोध करेना, ते आणखी वाईट. लोक हसत हसत ऐकू लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये गावात सप्ताह होता. कीर्तनाआधी पंधरा मिनिटं अण्णांना मिळाली. बुवा अजून वाटेत होते, म्हणून पंधराची चाळीस झाली. त्या दिवशी अण्णा चांगलं बोलले, हे मी आज म्हणतो. तेव्हा मी मागे बसून शेजाऱ्याला कोपर मारत होतो. ते म्हणाले, हवा एक अंशाने तापली की सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणजे आभाळाचा हंडा मोठा झाला. जो पाऊस ओंजळीने पडायचा तो आता हंडा उपडा करून पडणार, आणि कधी पडणार याला नक्षत्राचा धरबंध राहिलेला नाही. मृगाच्या भरवशावर कांदा शेतात ढीग घालून पातीखाली ठेवायचे दिवस गेले. मे अर्धा व्हायच्या आत कांदा बराखीत गेला पाहिजे आणि बराखीचा पत्रा नीट पाहिजे. पत्रा बघा, पत्रा बघा, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

“पाचटीवर टाकू पत्रा,” कुणीतरी म्हणालं. मंडप हसला. मीही हसलो. बुवा आले, अण्णा उतरले, बाहेर गाडी चालूच होती.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आभाळ आलं. वळीव म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. वळीव तासभर कोसळतो आणि ऊन देतो. हा जाईना. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत ओढे वाहिले. २४ मेला मान्सून केरळात आला आणि २६ मेला मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनच्या सुमाराला येतो. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, हेही अण्णांनीच शिकवलेलं आहे, म्हणून मी म्हणत नाही. पण कांद्याला असलं काही शिकवलेलं नव्हतं. ढिगाखालून पाणी शिरलं, वरून पातीतून झिरपलं, दोन दिवस ऊन पडलं आणि आतून वाफ धरली. सडक्या कांद्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही, आणि ज्याने घेतला त्याला सांगायची गरज नाही.

बापूंचा कांदा गेला. त्यांनी मुद्दामच उचलला नव्हता. अण्णा पाऊस म्हणतोय म्हणजे पडणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. हवामान खात्यापेक्षा तो सोपा होता. माझाही गेला. मी निम्मं ऐकलं होतं. ताडपत्री आणून ठेवली होती, घडी मोडली नव्हती. दुकानाच्या चिठ्ठीसकट ती ओसरीवर कोरडी ठणठणीत राहिली.

आणि अण्णांचाही गेला. सगळा. शेतात ढीग घालून, पातीखाली.

आम्ही तिघे त्यांच्या बांधावर उभे होतो. अण्णांच्या अंगात झब्बा नव्हता, बंडी होती. बिल्ला नव्हता. काय बोलावं ते कुणाला सुचेना. बापू अण्णांना टोमणा मारतील म्हणून मी अंग चोरून उभा, पण बापूंना खरंच प्रश्न पडला होता. “आण्णा, तुमी सांगत व्हता ते खरं व्हतं. मंग तुमी का नाय उचलला?”

अण्णा बराच वेळ कांद्याकडे बघत राहिले.

“व्याख्यानं होती,” म्हणाले. “पत्रे बदलायचे राहिले.” आणि मग, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत छोटं भाषण: “आणि मला वाटलं, बोलणारे आपणच. किती मनावर घ्यायचं.”

बापूंनी त्यांना तंबाखू दिली. अण्णा तंबाखूच्या विरोधातही बोलतात. त्यांनी घेतली.

जूनमध्ये घरात खायलासुद्धा कांदा उरला नाही, म्हणून मी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या एका आजीकडे गेलो. आजीची ऐंशी पार झाली असावी, नक्की तिलाच माहीत नाही. मुलगा चाकणला कंपनीत, नातू अधूनमधून येतो, तीस गुंठ्यांचा व्याप आजीच बघते. बराखीचा पत्रा नवा होता. आत कांदा असा खडखडीत, लाल, हातात घेतला तर वाजणारा. मी बघतच राहिलो.

“आजी, तुमी कधी भरला?”

“मे लागला तवाच. चार बाया लावल्या, पोराकडून पत्र्याचं पैसं मागून घ्येतलं.”

“कुणी सांगितलं?”

“सप्त्यात नव्हते का सांगत? पत्रा बघा, पत्रा बघा.”

आजी सप्ताहाला आली नव्हती, मला पक्कं आठवत होतं. ती दिवेलागणीनंतर वस्ती सोडत नाही, दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगणातून बिबट्याने शेळी नेली तेव्हापासून. ओढ्याकडेला सगळा ऊस, आणि उसात काय असतं ते आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. म्हणून सप्ताहाचे आठही दिवस आजी दार लावून आत बसायची आणि देवळाच्या कळसाला बांधलेल्या कर्ण्यातून वाऱ्यावर येईल तेवढं ऐकायची.

“पण कोण बोलत होतं ते माहितेय का?”

“बुवा आसतील की. मला काय ठावं. हितं नुसता आवाज येतो, मानूस कुठं दिसतो? पान्याचं बोलत व्हतं, कांद्याचं बोलत व्हतं. खोटं कशाला बोलंल कुनी कांद्याचं?”

“आजी, ते अण्णा होते.”

आजीने कांदे निवडायचे थांबवले. “आण्णा? त्यो पाचट पेटवनारा? माझी समदी गोधडी राखंनी काळी केलन् त्यानं.”

“तेच.”

“मंग बरं झालं मला तवा ठावं नव्हतं,” आजी म्हणाली आणि माझ्या पिशवीत आणखी चार कांदे टाकले.

हे मी अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, लागेल त्यांना. ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी आजीच्या वस्तीवर सत्कार करायला निघाले, शाल आणि नारळ घेऊन, गाडीने. ओढ्यापाशी गाडी रुतली. ती काढायला बापूंचा ट्रॅक्टर आणावा लागला, आणि एका ओढ्यात एका सत्कारासाठी किती डिझेल गेलं त्याची नोंद टपरीवर आहे. शाल आजीने घेतली. नारळ तिने परत दिला, दात नाहीत म्हणून.

बापूंनी यंदा दोन एकर ऊस ठिबकवर घेतला आहे. अण्णांमुळे नाही, अनुदान मिळालं म्हणून, असं ते सांगतात. अण्णांची गाडी अजून आहे. बराखीचे पत्रे बदलले. पाचटीची कुट्टी झाली, निदान हायवेकडून दिसणाऱ्या फडाची तरी. एसी तिन्ही चालू आहेत. काकूंचं म्हणणं, एक बंद असतो. कुठला ते त्या सांगत नाहीत.

सप्ताहाची बैठक परवा झाली. आजी स्वतः आली होती, दुपारची, उन्हाची. पाचशे एक रुपये वर्गणी तिने आधी पुढे ठेवली आणि मग अट घातली: या वर्षी एक कर्णा ओढ्याकडे तोंड करून बांधायचा. मंडळाने मान्य केलं आहे. फक्त कळसापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत वायर शंभरेक फूट कमी पडतेय. कुणाच्या घरी पडून असेल तर आणून द्या.